मातीचा मावळा रंगवताना

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडे अंगणाअंगणांत किल्ले उभे राहू लागतात. दगडगोटे आणि विटांचे तुकडे रचायचे, त्यावर जुने पोते टाकायचे, पोत्यावर चिखल थापायचा, आणि उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची. चार दिवसांत कोवळी हिरवळ वर येते आणि कालचा चिखलाचा ढीग आज सह्याद्रीचा डोंगर वाटू लागतो. मग बाजारातून मातीची चित्रे येतात. सिंहासनावर महाराज, दरवाजात पहारेकरी, तटावर मावळे, पायथ्याला घोडेस्वार. मुलांच्या दृष्टीने किल्ला पुरा होतो तो या शिपायांनी.

आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या शिपायांविषयी. त्यातही ते रंगवावे कसे, याविषयी. तुम्ही म्हणाल, यात कसला आला इतिहास? कुंचला घ्यावा आणि रंग फासावा! मीही एके काळी असेच समजत होतो. शाळेत नवा नवा लागलो होतो तेव्हाची गोष्ट. मुलांकडून मोठ्या हौसेने किल्ला करून घेतला. कुंभारवाड्यातून पन्नास कोरे शिपाई आणले आणि दोन रात्री जागून स्वतः रंगवले. सर्वांना निळी विजार, सर्वांना तांबडा अंगरखा, सर्वांच्या पायांत काळेभोर चकचकीत बूट. रांगेत उभे केल्यावर काय शोभत होते म्हणता! गाव पाहायला लोटला. त्यांत ज्या म्हाताऱ्या कुंभारबाबांकडून शिपाई आणले होते तेही आले. वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, रंग ब्येस दिलाय तुम्ही. पन ह्यो गडी गड चढनार कसा? पावसाळ्यात ह्या बुटांनी कड्यावरनं खाली यील की त्यो!"

लोक हसले, मीही हसलो. पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही. मुलांना मी सालावळी शिकवत होतो, लढायांची नावे पाठ करून घेत होतो. पण ज्याने त्या लढाया मारल्या तो माणूस दिसत कसा होता, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता. शाळेतली सनावळी मुलगा परीक्षेनंतर विसरतो. आपल्या हाताने रंगवलेला शिपाई मात्र तो जन्मभर विसरत नाही. म्हणून तो चुकीचा रंगला तर ती चूकही जन्मभर टिकते.

तेव्हा कुंचला हातात घेण्याआधी पहिला प्रश्न असा : हा माणूस कोण?

मावळा म्हणजे मावळातला माणूस. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या पूर्वउतारावर ज्या अरुंद दऱ्या आहेत, त्यांना मावळे म्हणतात. बारा मावळे आपण नेहमी ऐकतो, ती हीच. नाचणी-वरी पिकवणारा, डोंगर तुडवणारा हा शेतकरी. त्याच्या जोडीला कोकणातले हेटकरी असत. नेमबाजीबद्दल त्यांची ख्याती होती. सैन्याची रचना कशी होती, हे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, छत्रपती राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात असताना, त्यांच्या आज्ञेवरून त्याने ती बखर लिहिली. शिवाजी महाराजांच्या पदरी राहिलेल्या माणसाचे हे लिहिणे, म्हणून त्याला मोल आहे. दहा माणसांत एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी पायदळाची उतरंड. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचे तो बारगीर. आणि जो आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीस येतो तो शिलेदार.

आता कपड्यांकडे वळू. ग्रँट डफ हे नाव शिक्षकबंधूंच्या परिचयाचे आहे. कंपनी सरकारचा हा अधिकारी १८१८ नंतर सातारच्या दरबारी होता आणि १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्याची मते पुढे पुष्कळांनी खोडून काढली, पण मावळ्यांच्या पोशाखाविषयी त्याने जे लिहिले आहे ते आपल्या कामाचे आहे. त्याचा सारांश असा. पायदळाच्या मावळ्याला अर्ध्या मांडीपर्यंत येणारा आखूड चोळणा. कमरेला लांब, अरुंद, मजबूत पट्टा घट्ट आवळलेला. डोक्याला मुंडासे. कधी अंगात सुती अंगरखा, कधी तोही नाही. बहुतेकांच्या कमरेभोवती आणखी एक वस्त्र गुंडाळलेले, थंडी वाजली की तेच शालीसारखे पांघरायचे. हत्यारे म्हणजे तलवार, ढाल आणि तोड्याची बंदूक. मात्र दर दहावा माणूस बंदुकीऐवजी धनुष्यबाण बाळगी, कारण रात्रीच्या छाप्यात बंदुकीचा बार सगळा डाव उघडा पाडतो.

घोडेस्वाराचा वेश निराळा. त्याची तुमान गुडघे झाकणारी, घट्ट. अंगात कापूस भरून टाचलेला डगला. कमरेला शेला आणि त्या शेल्यातच तलवार खोवलेली. मुंडाशाचा एक फेर हनुवटीखालून घेऊन बांधलेला. का, तर घोडा भरधाव सुटला म्हणजे मुंडासे उडू नये. ढाल-तलवार प्रत्येकाकडे, काहींकडे बंदूक. पण मराठ्यांचे खरे हत्यार म्हणजे भाला, असे तो सांगतो.

आता इथे जरा थांबले पाहिजे. ग्रँट डफने हे लिहिले ते महाराजांच्या नंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. म्हणून त्याच्या शब्दाला एखादे जुने चित्र जोडून पाहावे. निकोलाओ मनूची हा व्हेनिसचा प्रवासी १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत महाराजांना भेटला होता. त्याने पुढे मीर मुहंमद नावाच्या चित्रकाराकडून हिंदुस्थानातल्या राजपुरुषांची चित्रे काढवून घेतली. ती १६८६ च्या आधीची असून आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्यांतल्या एका चित्रात महाराज घोड्यावर बसून निघाले आहेत आणि त्यांच्याबरोबर हत्यारबंद माणसे पायी चालली आहेत. मराठी पायदळाचे इतके जुने चित्र हाती असणे हे आपले भाग्यच म्हणायचे. शाळेच्या एखाद्या पुस्तकात ते छापलेले आढळले तर मुलांना अवश्य दाखवा. पण महाराजांपुरते बोलून थांबू नका. घोड्याच्या मागेपुढे चालणाऱ्या माणसांवर बोट ठेवा.

चित्रे फसवतातही, बरे का! शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र कित्येक वर्षे आपल्याकडे घरोघर चालत होते. ते निघाले इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. खुद्द छत्रपतींच्या बाबतीत जर असे घडले, तर बिचाऱ्या पाइकाची काय कथा! त्याला नाटकवाल्यांनी आपल्या पेटीतले कपडे चढवले, सिनेमावाल्यांनी आपले, आणि कॅलेंडरवाल्यांनी आपले. आपल्या डोळ्यांपुढे जो मावळा उभा राहतो त्यातला निम्मा रंगपटातून आलेला असतो.

खेळातले शिपाई काही आपल्याकडेच आहेत असे नाही. जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहरी कथलाचे चपटे शिपाई ओतण्याचा मोठा धंदा होता. तिथल्या हाइनरिक्सन नावाच्या कारागिराने १८४८ च्या सुमारास शिपायाची उंची सुमारे तीन सेंटिमीटर ठरवली आणि इतरांनी ती उचलली. इंग्लंडात विल्यम ब्रिटन याने १८९३ साली शिशाचे पोकळ शिपाई काढले. ते स्वस्त पडत, म्हणून घरोघर पोहोचले. तिकडचा हौशी माणूस असे शिपाई रंगवताना पलटणीचा गणवेश पुस्तकात पाहतो आणि गुंड्यांची संख्यासुद्धा मोजून रंगवतो. त्याला ते सोपे आहे. त्याच्याकडे १६४५ सालीच तांबड्या डगल्याची एकसारखी फौज उभी राहिली होती. आपल्या मावळ्याला सरकारी गणवेश नव्हता. तो घरून निघाला तसा आला. म्हणून एकाच रंगाचे पन्नास मावळे रंगवणे हीच माझी पहिली चूक होती. बुटांचा नंबर त्यानंतरचा.

असो. आता प्रत्यक्ष कामाला लागू. एक कोरा शिपाई हातात घ्या.

पहिले काम सफाईचे. हे शिपाई दोन भागांच्या साच्यात दाबून काढलेले असतात. दोन्ही बाजूंना डोक्यापासून पायापर्यंत एक बारीक उंचवटा राहतो. ती साच्याची शिवण. ती बोथट सुरीने हलकेच खरवडा आणि बारीक काचकागदाने घासा. शिवण राहिली तर वर कितीही सुरेख रंग दिला तरी माणूस दोन फळ्या जोडल्यासारखा दिसतो. शिपाई भाजलेला असेल तर कोरड्या ब्रशने धूळ झाडा. कच्च्या मातीचा असेल तर पाण्यात बुडवू नका, विरघळून जाईल. नुसते ओलसर फडके फिरवा. चीर असेल तर तीच माती डिंकाच्या पाण्यात कालवून भरा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात वाळवलात तर चीर पुन्हा उघडते.

दुसरे काम मुठीचे. शिपायाचा पाट, म्हणजे तो ज्यावर उभा असतो तो चौकोन, एखाद्या लाकडी ठोकळ्यावर मेणाने चिकटवा. पुढची सगळी कामे ठोकळा धरून करायची. शिपायाला बोट लावायचे नाही. मुलांना हे एकदा दाखवले की निम्मे डाग कमी होतात.

तिसरे काम अस्तराचे. खडूची वस्त्रगाळ भुकटी डिंकाच्या पाण्यात ताकाइतकी पातळ कालवा आणि पहिला हात द्या. वाळला की दुसरा. एकच जाड हात देऊ नका. त्याने नाक-डोळे बुजतात. आपले कुंभार आणि मूर्तिकार पिढ्यान् पिढ्या असे पांढरे अस्तर देत आले आहेत. त्याचे कारण साधे आहे. माती रंग पिते. अस्तर दिले की वरचा रंग उजळ राहतो आणि कमी लागतो.

इथे रंगांविषयी एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. जुन्या कारागिरांच्या पेटीत सफेदा, शेंदूर, हरताळ आणि हिंगूळ असत. दिसायला फार सुंदर, पण विषारी. सफेदा आणि शेंदूर शिशाचे, हरताळात सोमल, हिंगुळात पारा. ज्या ब्रिटन कंपनीचे मघाशी नाव घेतले तिनेही १९६६ साली शिशाचे शिपाई ओतणे बंद केले, कारण लहान मुले खेळणे तोंडात घालतातच. तेव्हा मुलांच्या हाती हे रंग देऊ नका. गेरू, पिवळी माती, काजळी, खडू आणि कपड्याला घालायची नीळ एवढ्या पाच जिनसांत मावळा उत्तम रंगतो. नाही तर दुकानात मुलांसाठी बिनविषारी म्हणून मिळणारे पोस्टर रंग घ्या. आणि कुंचल्याला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय मुलांना लागू देऊ नका.

चौथे काम कातडीचे. रंगाचा नियम असा : जे शरीराला सर्वांत जवळ, ते सर्वांत आधी. आधी कातडी, मग चोळणा आणि अंगरखा, मग कमरेचा शेला, मग हत्यारे. आतून बाहेर यायचे. म्हणजे कडेला रंग सांडला तरी पुढच्या रंगाखाली झाकला जातो. बाजारातले शिपाई बहुधा गुलाबी असतात. उन्हातान्हात डोंगर चढणारा माणूस गुलाबी कसा असेल? गेरूत थोडी पिवळी माती आणि अगदी चिमूटभर खडू घाला. आणि सगळ्यांना एकच रंग नको. वाटीत दर पाच शिपायांनंतर काजळीचा किंवा पिवळ्या मातीचा एक थेंब टाकत जा. फौजेत मराठे होते, कोळी होते, रामोशी होते, महार होते, मुसलमान होते. आरमाराच्या सुभेदारांत दौलतखान होता. ती माणसे एका साच्यातून निघालेली नव्हती, मग आपले शिपाई तसे दिसावेत कशाला?

पाचवे काम कपड्यांचे, आणि इथे खरी कसोटी आहे. बाजारी शिपायावर भडक जांभळा असतो, झगझगीत गुलाबी असतो. हे कृत्रिम रंग माणसाला सापडू लागले ते १८५६ पासून. त्या साली विल्यम पर्किन नावाच्या इंग्रज तरुणाने पहिला जांभळा रंग प्रयोगशाळेत बनवला. त्याआधी कापड रंगे ते झाडपाल्याने आणि मातीने. निळीचा निळा. आलाच्या मुळांचा तांबडा. हे आल खानदेश-वऱ्हाडात पिकत असे. करडईच्या फुलांचा कुसुंबी. हळदीचा आणि पळसफुलांचा पिवळा. हिरडा आणि लोखंडाचा काळा. शिवाय न रंगवलेले, धुऊन धुऊन मळकट झालेले पांढरे जाडेभरडे. गरिबाच्या अंगावर तेच जास्त. तेव्हा दहा मावळ्यांत पाच-सहांचे कपडे मळखाऊ पांढरे ठेवा. उरलेल्यांना मुंडासे किंवा शेला रंगीत द्या. तोही असा की दहा वेळा धुतलेला वाटावा. म्हणजे रंगात थोडी काजळी, थोडा खडू मिसळा. नाईक आणि हवालदार यांना थोडे उजळ रंगवायला हरकत नाही. ज्याला चार पैसे जास्त, त्याचे मुंडासे थोडे बरे.

सहावे काम सावलीचे. गेरू आणि काजळी पुष्कळ पाण्यात मिसळून चहासारखे पातळ पाणी करा आणि अंगभर फिरवा. ते आपोआप कपड्याच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत, मुंडाशाच्या पिळांत जाऊन बसते. वर आलेल्या भागावरून लगेच फडक्याने टिपून घ्या. पुरते वाळल्यावर मूळ रंगात थोडा खडू घालून कुंचला त्यात बुडवा, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि फक्त उंचवट्यांवरून फिरवा. खांदे, गुडघे, मुंडाशाचे फेर एकदम वर उठून दिसतात. एवढ्या एका कृतीने मातीचा गोळा माणूस होतो. मुलांच्या तोंडचे "अरे वा!" नेहमी इथेच ऐकू येते.

सातवे काम हत्यारांचे. तलवारीचे पाते चंदेरी रंगवून चमकवू नका. खडूत काजळी मिसळून लोखंडी राखाडी करा आणि धारेवर पांढरी बारीक रेघ ओढा. ढाल कातड्याची असते, म्हणून काळसर तपकिरी; तिच्यावर चार पितळी फुले. बंदूक असेल तर दस्ता लाकडी, नळी लोखंडी, आणि पेटती जामगी दाखवायला एक गेरूचा ठिपका. शिपायाच्या बंदुकीला संगीन लावलेली दिसली तर ती साच्यातलीच चूक समजा आणि खुशाल सुरीने उडवून टाका. तोड्याच्या बंदुकीवाल्या मावळ्याला संगीन कुठून येणार?

आठवे आणि शेवटचे काम चेहऱ्याचे. डोळ्यांत पांढरे ठिपके देऊ नका, शिपाई घाबरल्यासारखा दिसतो. पापणीची एक काळसर रेघ आणि तिच्याखाली एक ठिपका पुरे. मिशी काजळीत थोडा गेरू घालून करा. एक-दोघांची मिशी पिकलेली दाखवा. सगळेच मावळे काही विशीतले नव्हते. आणि पाय? पाय अनवाणी ठेवा, किंवा साध्या वहाणा. कुंभारबाबांचे ऋण इथे फेडायचे.

शिपाई तयार झाले. आता मांडणी. दहा शिपाई असतील तर नऊ पाईक आणि एक नाईक मांडा. त्यांतल्या एकाच्या हाती धनुष्य द्या. मुलांना सभासदाची सगळी उतरंड त्यातून पाठ होते, छडीची गरज पडत नाही. वरच्या वर्गांना एक गणितही घाला. साडेसात सेंटिमीटरचा शिपाई म्हणजे एकशे पासष्ट सेंटिमीटरचा माणूस धरला, तर आपण माणूस बावीस पट लहान केला. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. मग त्याच मापाने आपला रायगड किती उंच हवा? मुले भागाकार करतात आणि डोळे विस्फारतात : सदतीस मीटरच्या वर! शाळेच्या छपराच्याही कितीतरी वर. तेव्हा मोठे शिपाई पायथ्याला, लहान शिपाई माथ्यावर ठेवायचे म्हणजे डोळ्याला उंचीचा भास होतो. आणि गड चढणे म्हणजे काय, हेही मुलांना त्या भागाकारातून कळते.

आणखी एक. बहुतेक किल्ल्यांवर सगळे शिपाई वरच असतात, पायथा रिकामा. खऱ्या गडाला घेरा असे. खालच्या रानात, वाटांवर, चौक्यांवर रामोशी, महार, मांग, बेरड अशी माणसे राखणीला असत. शत्रूची पहिली चाहूल त्यांना, आणि पहिला घावही त्यांनाच. तुमच्या किल्ल्याच्या पायथ्याला, हळिवाच्या रानात, निदान दोन राखणदार उभे करा. आणि त्यांच्या शेजारी एक शेत दाखवा, हिरवेगार, न तुडवलेले. १६७३ साली चिपळूणकडच्या आपल्या लष्कराला महाराजांनी ताकीद दिली होती की रयतेच्या धान्याला, गवताला, भाजीपाल्याला हात लावू नका. लागेल ते बाजारात दाम देऊन घ्या. ज्या फौजेतला शिपाई स्वतः शेतकऱ्याचा मुलगा होता, तिला हा हुकूम समजायला जड गेले नसेल. ते न तुडवलेले शेत हासुद्धा इतिहास आहे, आणि तो तोफेइतकाच महत्त्वाचा आहे.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा किल्ला केला. या वेळी शिपाई मुलांनी रंगवले. कोणाचे मुंडासे निळे, कोणाचे मळकट पांढरे, एकाची मिशी पिकलेली. रांगेत काही शोभत नव्हते. पण गड चढतील असे वाटत होते. कुंभारबाबा आले, वाकून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "आता मानसं दिसत्यात." तेवढ्यात एका चिमुरड्याने आपला शिपाई माझ्यापुढे धरला आणि विचारले, "गुरुजी, ह्याचं नाव काय?"

मी गप्प झालो. घोडखिंडीत १६६० च्या जुलैत बाजीप्रभू पडले, त्यांचे नाव आपण घेतो. त्यांच्याबरोबर खिंडीत उभे राहिलेल्या शेकडोंची नावे कोणी टिपून ठेवली? सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसरे पडले. त्यांच्यामागून कडा चढलेल्यांचे काय? मी त्या मुलाला सांगितले, "बाळ, याचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. म्हणून आपण याला नीट रंगवायचे."

तेव्हापासून आमच्या शाळेत एक रीत पडली आहे, ती शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मुद्दाम सांगतो. शिपाई तयार झाला की त्याच्या पाटाखाली पेन्सिलीने दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत, जे लिहून ठेवलेले आहे ते : 'आखूड चोळणा, ग्रँट डफच्या पुस्तकावरून' किंवा 'दहांत एक नाईक, सभासदाच्या बखरीवरून'. दुसऱ्या ओळीत, जे आपण मनाने केले ते : 'शेल्याचा रंग आमचा'. दहा वर्षांचे पोर ज्या दिवशी या दोन ओळी वेगवेगळ्या लिहायला शिकते, त्या दिवशी ते इतिहास शिकायला लागते. पुढे कोणी कितीही मोठ्या आवाजात काही सांगितले तरी ते शांतपणे विचारील, "हे कोठे लिहिले आहे? आणि हे तुमच्या मनाचे किती?"

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी त्यांत आहेत. जिथे बसून सभासदाने बखर लिहिली ती दूरची जिंजीही आहे. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण दगडाचे तट राखायला सरकार आहे, खाती आहेत. त्या तटावर उभा राहिलेला माणूस राखायचा तर ते काम तुमच्या-आमच्या अंगणातच व्हायचे.

तेव्हा येत्या दिवाळीला मुलांना बाजारातून रंगवलेले शिपाई आणून देऊ नका. कोरे आणा. कुंभाराला चार पैसे मिळतील, मुलांचे चार दिवस सत्कारणी लागतील. वाटीत गेरू कालवा, दिव्याची काजळी धरा, आणि मुलाच्या हाती कुंचला द्या. फक्त त्याने रंगाला सुरुवात करण्यापूर्वी त्याला एकदा विचारा : "बाळ, हा माणूस गड चढून आला आहे. याच्या पायांत काय असेल, सांग बरे?"